डिस्कची हुबेहूब प्रत

सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या, तरी डिस्क बिघडल्यावर त्यांतून विंडोज सुरू होत नाही. संगणक जागा करणारी माहिती डिस्कच्या एका लपलेल्या विभागात असते. साध्या कॉपीत ती येतच नाही. डिस्कची हुबेहूब प्रत घेणारे इमेजिंग सॉफ्टवेअर मात्र फायली नव्हे, डिस्कचे ठोकळे (ब्लॉक) वाचते. सामान हलवणे आणि भिंती-दारांसकट अख्ख्या घराचा साचा घेणे, असा हा फरक. रिकामे ठोकळे वगळले जातात आणि उरलेले सहसा दाबून साठवले जातात. म्हणून 500 जीबीच्या डिस्कवर 100 जीबी माहिती असेल, तर प्रत सहसा त्याहूनही लहान होते. चालू विंडोजमध्ये फायली सतत बदलतात, त्यामुळे ‘शॅडो कॉपी’ ही सोय आधी एका क्षणाची स्थिती गोठवते. प्रत परत भरताना मात्र संगणक सहसा पेन ड्राइव्हवरून सुरू करावा लागतो, कारण चालू विंडोजला स्वतःवर लिहिता येत नाही. तो पेन ड्राइव्ह आजच करून, चालवून पाहावा.