रोहित्राची खरी किंमत: खरेदीनंतरची पंचवीस वर्षे

आदिलाबादमधील कापसाचा हंगाम सरला, की जिनिंग कारखान्यांची यंत्रे थांबतात; आवारातील रोहित्र मात्र थांबत नाही. 11 हजार व्होल्टची वीज मोटारींना मानवेल अशा दाबावर आणणारे हे यंत्र, म्हणजेच खेड्यापाड्यांतील 'डीपी', रिकामे असतानाही वीज खात राहते. खरेदीच्या वेळी मात्र बहुधा एकच आकडा पाहिला जातो, तो दरपत्रकावरचा.

रोहित्रात वीज दोन प्रकारे वाया जाते. गाभ्यात होणारी लोहहानी भार असो वा नसो, वर्षाचे 8,760 तास चालू असते. वेटोळ्यांत होणारी ताम्रहानी भाराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. भार निम्मा झाला, तर ती पावपट होते. म्हणून खरी किंमत म्हणजे खरेदीची रक्कम अधिक आयुष्यभराच्या या दोन्ही हानींचे आजचे मूल्य.

हिशेब करून पाहू. वीज प्रतियुनिट 7 रुपये, आयुष्य 25 वर्षे आणि व्याजदर 10 टक्के धरला, तर अखंड वाया जाणाऱ्या एका वॉटचे आजचे मूल्य सुमारे 556 रुपये भरते. आयएस 1180 या भारतीय मानकाच्या 2014च्या आवृत्तीनुसार 100 केव्हीए रोहित्राची निम्म्या भारावरील कमाल हानी पहिल्या स्तरात 520 वॉट, तर तिसऱ्या स्तरात 435 वॉट आहे. फरक अवघा 85 वॉटचा. पण रोहित्र सतत निम्म्या भारावर चालले, तर त्याचे मूल्य 47 हजार रुपयांच्या घरात जाते. पहिल्या स्तराचे यंत्र 25 हजारांनी स्वस्त मिळाले, तरी ते 22 हजारांनी महागच पडले.

प्रत्यक्षात भार असा एकसारखा कुठे असतो? बेला, जैनथ, तामसी परिसरातील कृषिपंपांच्या डीपीवर पावसाळ्यात फारसा भार नसतो आणि रब्बीत तो एकदम वाढतो. तिथे आधी लोहहानी पाहावी. दिवसरात्र गजबजलेल्या बाजारपेठेतील रोहित्रासाठी ताम्रहानीही तितकीच निर्णायक ठरते. सर्वांना एकच माप लावणारी निविदा सोयीची असेल, शहाणपणाची नव्हे.

तेलंगणात 1 जानेवारी 2018 पासून शेतीला 24 तास मोफत वीज मिळते. त्यामुळे डीपीतील गळती शेतकऱ्याच्या बिलात दिसत नाही; ती राज्याच्या अनुदानात आणि इतर ग्राहकांच्या दरात जाऊन बसते. शेतकऱ्याला खर्च दिसतो तो डीपी जळाल्यावर: उभे पीक, बंद पंप आणि बदली रोहित्राची वाट. क्षमतेपेक्षा जास्त पंप, फ्यूजऐवजी बांधलेली जाड तार, कमी झालेले तेल, निकामी अर्थिंग ही त्याची नेहमीची कारणे. वीज परतताच सर्व पंप एकदम सुरू करणारे ऑटो-स्टार्टर काढा, असा आग्रह वीज कंपन्यांनी धरला तोही यासाठीच. जळालेले रोहित्र पुन्हा गुंडाळून आणले, तरी काम निकृष्ट असल्यास हानी पूर्वीपेक्षा वाढते. दुरुस्तीनंतर हानीची चाचणी म्हणूनच हवी.

जिनिंग कारखान्यांची गोष्ट वेगळी. उच्चदाब ग्राहकाचे रोहित्र बहुधा स्वतःचे असते आणि मोजणी 11 हजार व्होल्टच्या बाजूला असल्यास गळती थेट त्याच्याच बिलात येते. समजा, लोहहानी 400 वॉट आहे आणि कारखाना सात महिने बंद आहे. एवढ्या काळात सुमारे दोन हजार युनिट, म्हणजे 14 हजार रुपये, निव्वळ गुणगुणण्यात जातात. कार्यालय आणि रखवालदाराच्या दिव्यांसाठी वेगळे छोटे रोहित्र ठेवून मोठे बंद करणे परवडेल का, हे प्रत्येकाने आपल्या आकड्यांवर पडताळावे. बंद केलेले रोहित्र पावसाळ्यात ओलावा शोषते. म्हणून हंगामापूर्वी सिलिका जेल बदलून आणि तेलाची विद्युत-चाचणी करूनच ते पुन्हा जोडावे. अन्यथा वाचवलेले 14 हजार पहिल्याच दिवशी जळून जायचे.