शर्यतीच्या मोटारींतील सुरक्षापट्टे

हौशी शर्यतपटु गाडीच्या इंजिनावर जितका विचार खर्च करतो, त्याच्या दशांश विचारहि तो स्वतःला आसनाशीं जखडणाऱ्या पट्ट्यांवर करीत नाहीं. पट्टे दुकानांतून आणावे, मिळेल त्या भोकांत बोल्ट घालून आवळावे, कीं काम झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक येथें खरेदीचा भाग थोडा आणि बसविण्याचा फार मोठा आहे.

प्रथम, या पट्ट्यांवर भार किती येतो तें पाहूं. ताशीं ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगानें जाणारी मोटार भिंतीवर आदळून, चेपत चेपत एका मीटरांत थांबली असें समजा. गाडी थांबूं लागली तरी आंतील मनुष्य पूर्वीच्याच वेगानें पुढें जाऊं पाहतो. त्याला तिच्याबरोबर थांबविण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें वीसपट जोर लागतो. ७० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतींत हा जोर १४०० किलोंचा झाला, आणि तो सगळा दशांश सेकंदांत! एवढा भार पोटासारख्या मऊ भागावर पडून चालणार नाहीं. कमरेचीं हाडें, खांदे व छातीचा पिंजरा यांनींच तो वांटून घेतला पाहिजे. पट्ट्यांविषयींचे बहुतेक नियम या एका गोष्टींतून निघतात.

नील्स बोलिन या स्वीडिश इंजिनियरानें १९५९ सालीं व्होल्व्हो मोटारींत आणलेला तीन टोकांचा पट्टा रस्त्यावरच्या प्रवासाला उत्तम आहे; परंतु शर्यतींत वळणावळणाला अंग बाजूला फेंकलें जातें, तेथें तो अपुरा पडतो. म्हणून दोन खांद्यांवरून व दोन कमरेवरून असे चार पट्टे पोटाजवळच्या एका बकलांत गुंतवितात. यांत एक खोंच आहे. खांद्याचे पट्टे आवळले कीं ते बकलाला वर ओढतात, त्याबरोबर कमरेचा पट्टा हाडांवरून सरकून पोटावर येतो, आणि आघात झाला म्हणजे शरीर त्याच्या खालून पुढें घसरतें. याला उपाय जांघेंतून खालीं जाणाऱ्या पांचव्या, किंवा पांचव्या व सहाव्या पट्ट्याचा. तो बकलाला खालीं धरून ठेवतो.

हें नुसतें पुस्तकी भय नव्हे. ऑस्ट्रियाच्या वतीनें शर्यतींत उतरणारा योखेन रिंट हा ५ सप्टेंबर १९७० रोजीं इटलींतील मोंझा येथें सराव करीत असतां त्याची लोटस गाडी कठड्यावर आदळली. आग लागल्यास लौकर बाहेर पडतां यावें म्हणून तो जांघेंतले पट्टे बांधीत नसे. आघातासरशीं त्याचें शरीर खालीं घसरलें, पट्ट्यांनीं त्याच्या गळ्याला प्राणघातक इजा झाली, आणि त्या वर्षींचें जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालें. आगीचें भय त्या काळीं खोटें नव्हतें. पण त्या भयापायीं सोडलेला पट्टाच नेमका हवा होता. १९७२ सालीं फॉर्म्युला वनमध्यें सहा टोकांचे पट्टे सक्तीचे झाले.

आतां बसविण्याविषयीं. खांद्याचे पट्टे आसनाच्या पाठीवरून मागें जवळजवळ आडवे गेले पाहिजेत. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमाप्रमाणें त्यांचा उतार ४५ अंशांहून अधिक नसावा, आणि शक्य तर १० अंशांच्या आंत असावा. ते थेट मागच्या फरशीला बांधले, तर आघाताच्या वेळीं खांद्यांना खालीं दाबतात व तो दाब पाठीच्या कण्यावर येतो. शिवाय पट्टा जितका लांब, तितका तो ताणाखालीं अधिक वाढतो. यासाठीं आसनामागें पोलादी पिंजऱ्याला आडवी नळी जोडून तीवर ते गुंडाळणें बरें. कमरेचे पट्टे आसनाच्या कडेवरून न घेतां त्याच्या भोंकांतून घ्यावे. पट्टे आसनाला किंवा त्याच्या आधारांना कधींहि बांधूं नयेत. आसन उखडलें तर मनुष्यहि त्याच्याबरोबर जाईल. मोटारीचा पत्रा पातळ असतो, म्हणून बोल्टाखालीं निदान ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्राची व ३ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी हवी. तिच्यावांचून बोल्ट शाबूत राहतो आणि पत्राच फाटतो.

पट्टा ज्या दिशेला ओढला जाणार, त्याच दिशेला त्याच्या कड्यानेंहि तोंड केलेलें असावें. तसें नसेल तर पट्टा कडीच्या एका कोपऱ्यांत गोळा होतो, सगळा ताण त्या एका कडेवर पडतो, व मजबूत विणकामहि फाटतें. अमेरिकेंतील डेटोना येथें १८ फेब्रुवारी २००१ रोजीं डेल अर्नहार्ट हा नामांकित शर्यतपटु मरण पावला, तेव्हां त्याचा कमरेचा डावा पट्टा तुटलेला आढळला, आणि चौकशीच्या अहवालांत याच प्रकाराकडे बोट दाखविलें गेलें. मृत्यूचें कारण कवटीच्या तळाचा अस्थिभंग हें होतें. धड पट्ट्यांनीं जागच्या जागीं धरलें तरी डोकें पुढें झेंपावतेंच. त्याला आवरणारें ‘हॅन्स’ नांवाचें खांद्यावरचें साधन रॉबर्ट हबर्ड व जिम डाउनिंग यांनीं तत्पूर्वींच सिद्ध केलें होतें. खांद्याचे पट्टे निवडतांना या साधनावर बसतील असेच घ्यावे.

रोजच्या वापराच्या मोटारींत, पोलादी पिंजऱ्यावांचून, हे पट्टे लावण्याची हौस मात्र धोक्याची आहे. गाडी उलटून छप्पर दबलें, तर ताठ बांधलेल्या माणसाला वांकण्यास जागाच उरत नाहीं. कोल्हापूरकडे मुलें ज्या चालवावयास शिकतात, त्या शर्यतीच्या कार्टला पट्टे मुळींच नसतात, याचेंहि कारण हेंच: भोंवतीं पिंजरा नाहीं, तेव्हां उलटणाऱ्या वाहनाला जखडून घेण्यांत अर्थ नाहीं.

जुने पट्टे स्वस्त मिळतात; ते घेऊं नयेत. पट्ट्यावरील चिठ्ठींत मुदतीचें वर्ष छापलेलें असतें. उन्हानें धागा कमकुवत होतो, आणि मोठा आघात सोसलेला पट्टा वरून धड दिसला तरी आंतून ताणलेला असतो. शर्यतीपूर्वीं कमरेचे पट्टे आधीं, हाडांवर खालीं आवळावे, मग खांद्याचे. असें बांधून घेतल्यावर इंजिन बंद करण्याची कळ व अग्निशामकाची दोरी हातीं येते कीं नाहीं तें पाहावें, आणि डोळे मिटून बकल सोडून बाहेर पडण्याचा सराव गाडी उभी असतांनाच करून ठेवावा.