शेगडीचा मेकओव्हर

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून एक काळी, जडशीळ वस्तू खाली उतरते. आजीची बिडाची शेगडी! ‘नुसती जागा अडवते, दे भंगारात,’ असं आईने म्हणायच्या आत तुम्ही मध्ये पडा. कारण तिच्यावरचा गंज बऱ्याचदा वरवरचाच असतो. एक वीकेंड दिलात तर ती पुन्हा पेटू शकते.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते कडक असतं, पण ठिसूळही. म्हणून हातोडीने ठोकाठोकी अजिबात नको. आधी चमच्याने हलकेच वाजवून बघा. खणखणीत वाजली तर उत्तम. बद्द आवाज आला तर तडा शोधा. तडा आरपार असेल तर शेगडी पेटवू नका, तिच्यात मस्त कोरफड लावा.

आता खरी मेहनत. आधीचा रंग असेल तर जरा सांभाळून. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची मर्यादा आली तीच 2017 च्या नोव्हेंबरपासून. त्यामुळे मास्क लावा, पॉलिश पेपर ओला करून घासा आणि लहान मुलांना लांब ठेवा. गंजासाठी तारेचा ब्रश, मग 80 नंबरचा पेपर, शेवटी 220. हट्टी डागांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून तासभर लावून ठेवा. धुतल्यावर लगेच कोरडी करून उन्हात ठेवा, नाहीतर बघता बघता पुन्हा तांबूस होते.

रंग कुठला? दाराखिडक्यांचा ऑइल पेंट इथे चालत नाही. पहिल्याच विस्तवाला तो जळून फुगतो. बाईकच्या सायलेन्सरला मारतात तो हीट रेझिस्टंट पेंट आणा. डब्यावर 600 अंश लिहिलेलं बघून घ्या. थिनरच्या फडक्याने शेगडी पुसा, ती वाळू द्या आणि मग दोन पातळ हात मारा. एकच जाड हात मारला तर पोपडे निघतात. निखारे पडतात ती जाळी आणि आतली बाजू मात्र रंगवायची नाही.

रंग वाळला म्हणजे काम संपलं असं नाही. तो उष्णतेनेच पक्का होतो. आधी अगदी छोटा विस्तव, शेगडी पूर्ण थंड होऊ द्यायची, मग थोडा मोठा, असं दोन-तीनदा करा. धूर निघेल, वासही येईल, म्हणून हे सगळं अंगणात किंवा गच्चीवर. थिनर आणि रंगाचे डबे लांब ठेवा.

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून सोडून देऊ नका. कितीही थंडी असली तरी पेटती शेगडी बंद खोलीत ठेवायची नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतच जीव जाऊ शकतो.

एवढं सांभाळलंत की गच्चीवर कणसं भाजायला मित्रांना बोलवा. आणि आजीलाही वर घेऊन या. कोळसे कसे रचायचे, वारा कुठून घालायचा, हे कुठल्याही डब्यावर लिहिलेलं नसतं. ते तिलाच विचारा.