भंगारातलं प्लास्टिक ओळखायचं कसं?

फुटकी बादली, जुन्या टीव्हीचं कव्हर, पाइपाचा तुकडा. भंगाराच्या पोत्यात सगळं प्लास्टिकच. पण, श्रोतेहो, त्यांच्या जाती निराळ्या. एकत्र वितळवल्या, तरी त्या एकजीव होत नाहीत. वस्तू ठिसूळ बनते. म्हणून आधी निवड हवी.

धारावीत अनेक कामगार तुकडा जाळून वासावरून जात ओळखत आले. पण पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू असतो. त्यापेक्षा पाणी बरं. साध्या पाण्यात बादलीचं पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन तरंगतं. टीव्हीचं पॉलिस्टायरिन बुडतं, पण मिठाच्या दाट पाण्यात वर येतं; पाइपाचं पीव्हीसी तळाशीच राहतं. तरंगणाऱ्या दोन जातींत त्यांना सांधणारं रसायन मिसळलं, की त्या मिश्रणाच्या कुंड्या, क्रेट करता येतात.

गाळ्यात मिठाच्या पाण्याचं एक पिंप ठेवलं, तर कामगाराच्या छातीत धूर तरी जाणार नाही.