लवणस्तंभाला हात का लावू नये?
आंध्र प्रदेशातील बोरा गुहांमध्ये गाईडबरोबर हिंडताना आपला हात सहज लवणस्तंभाकडे जातो. तो का आवरायचा, हे चुन्याच्या निवळीवरून समजेल. निवळीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते. बराच वेळ फुंकत राहिलो की स्वच्छ होते आणि तापवली की पुन्हा दुधाळ.

गुहेतही असेच घडते. कार्बन डायऑक्साइड मुरलेले पाणी चुनखडी विरघळवत झिरपते. छताला थेंब लोंबताना तो वायू निसटतो व चुनखडीचा पातळ थर मागे राहतो. अशा थरांनी स्तंभ सेंटीमीटरभर वाढायला अनेकदा शंभर वर्षे लागतात. बोटांचा तेलकटपणा तिथे बसला, तर पाणी नीट पसरत नाही, वाढ खुंटते. म्हणून सहलीला निघण्यापूर्वीच हा प्रयोग वर्गात करू या.