डिशवॉशर सुरू होत नाही? आधी घर तपासा

बटण दाबलं, दोन दिवे लागले आणि पुढे काहीच हललं नाही, की घरात सगळ्यांचा निकाल एकच असतो : मशीन बिघडलं. मग कंपनीला फोन, तक्रारीची नोंद, आणि मेकॅनिक अकोल्याहून यायचा असेल तर तोवर कढया-पातेली पुन्हा हातानेच घासायची. हा निकाल घाईचा आहे, असं माझं ठाम मत आहे. डिशवॉशर म्हणजे पाणी आणि वीज एकाच डब्यात खेळवणारं यंत्र. म्हणून काही अटी पुऱ्या झाल्याशिवाय कामाला लागायचंच नाही, अशी त्याची रचना केलेली असते. वीज पुरेशी हवी, पाणी पुरेसं हवं, दार नीट लागलेलं हवं आणि तळाशी गळती नको. यातली एखादी अट मोडली की ते थांबून राहतं. वाशीम जिल्ह्यात पहिल्या दोन अटी मोडण्याची कारणं पुष्कळदा मशीनच्या बाहेर, घराच्या भिंतीत आणि गच्चीवरच सापडतात.

‘लाइन तर आहे, पंखा फिरतोय,’ असं कुणीही म्हणेल. पण पंख्याला ७०-७५ वॉट पुरतात आणि डिशवॉशर पाणी तापवायला लागला की २००० वॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. त्याला जाड वायरीचं, स्वतंत्र एमसीबी असलेलं १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावूच नये. टेस्टरचा दिवा लागला म्हणून निश्चिंत होणंही चुकीचं आहे. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल कुठे तुटला असेल, तरी टेस्टर तसाच लागतो आणि मशीन मात्र ढिम्म. त्यापेक्षा १६ अँपिअरच्या प्लगची इंडक्शन शेगडी त्याच सॉकेटला लावून त्यावर पाणी उकळून पाहावं. पाणी नेहमीच्या वेळात उकळलं, तर फेज, न्यूट्रल आणि सॉकेटची पकड तिन्ही ठीक आहेत असं समजायला हरकत नाही. नाही उकळलं, किंवा काढलेल्या प्लगच्या पिना काळवंडलेल्या दिसल्या, तर दोष भिंतीतला. तिथे वायरमन हवा, डिशवॉशरचा मेकॅनिक येऊन काही करू शकणार नाही.

व्होल्टेजचा प्रश्न याहून अवघड, कारण तो दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलतो. कागदावर आपल्याला २३० व्होल्ट मिळायचे असतात. रब्बीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देणं सुरू झालं, विहिरींवरचे पंप एकदम चालू झाले, की लाइनच्या टोकाकडच्या घरांत हा आकडा बराच खाली येऊ शकतो. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून २००० वॉटचं हीटर १८० व्होल्टवर साधारण १२०० वॉटच देतं. मशीनमधल्या पंपाची मोटर अशा वेळी उचलत नाही, किंवा कंट्रोल बोर्डच जागं होत नाही. काहीशे रुपयांचा मल्टिमीटर हाताळता येणाऱ्या माणसाकडून दोन वेगवेगळ्या वेळी आकडा बघून घेतला, तर शंका राहत नाही. ‘मग इन्व्हर्टरवर लावू’ हा उपाय मात्र सोडून द्यावा. घरगुती ८००-१००० व्हीएच्या इन्व्हर्टरला २००० वॉट झेपत नाहीत. आणि मशीन लावताच ईएलसीबी पडत असेल, तर तो बायपास करून मशीन चालवण्याचा विचारही करू नये. गळणारी वीज तो अडवतोय; त्याला बाजूला सारलं तर ती ओल्या हातात उतरेल.

आता पाणी. इथे ‘सुरू होत नाही’ या तक्रारीचं रूप वेगळं असतं. मशीन आतलं उरलंसुरलं पाणी उपसतं, काही मिनिटं गुणगुणतं आणि थांबतं. अनेक मॉडेलांवर नळाचं चिन्हही उजळतं. वाशीम शहराला एकबुर्जी धरणाचं, कारंज्याला अडाण धरणाचं पाणी मिळतं. उन्हाळ्यात साठा उतरला की नळाच्या दोन पाळ्यांमधलं अंतर वाढतं, म्हणून घरोघरी गच्चीवर टाकी आणि जमेल तिथे बोअर. अशी टाकी भरलेली असूनही मशीन उपाशी राहू शकतं, आणि हे लोकांना पटत नाही. त्यांचा प्रश्न रास्त आहे : मशीनमध्ये स्वतःचा पंप असताना बाहेरच्या दाबाची गरज काय? पाण्याचा झोत मारून भांडी धुवायची ही युक्ती अमेरिकेतल्या जोसेफिन कोक्रेन यांची; १८८६ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं आणि १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात त्यांची यंत्रं मांडली गेली. आजच्या मशीनमधला पंप तोच झोत मारतो, पण आत आलेल्या पाण्याचा. पाणी आत घेण्याचं काम एका छोट्या विजेच्या व्हॉल्व्हचं असतं. त्यातला रबरी पडदा पाण्याच्याच दाबाने उचलला जातो. दाब नसेल तर वीज मिळूनही तो पुरता उघडत नाही.

१० मीटर उंचीचं पाणी साधारण १ बार दाब देतं. एकमजली घराच्या स्लॅबवरची टाकी स्वयंपाकघरातल्या कॉकपासून ३ मीटर उंच असेल, तर दाब ०.३ बारच्या आसपास. काही मॉडेलांना तो जेमतेम पुरतो, पुष्कळांना ०.५ बार लागतो. नेमका आकडा माहितीपुस्तिकेत असतो. कमी पडत असेल तर लहान प्रेशर पंप हाच मार्ग. दाब पुरेसा असूनही पाणी येत नसेल, तर कॉक बंद करून पाइप सोडवावा आणि मशीनच्या तोंडाशी असलेली बोटाच्या पेराएवढी जाळी पकडीने ओढून काढावी. बोअरच्या पाण्यातली बारीक रेती आणि क्षारांचा पांढरट थर तिथेच साचतो. जुन्या टूथब्रशने ती दोन मिनिटांत साफ होते.

दाराची तपासणी सोपी आहे. कढईचा कान किंवा झाऱ्याचा दांडा पुढे आला, की दार लागल्यासारखं दिसतं पण खटका बसत नाही. चाइल्ड लॉक किंवा ‘उशिरा सुरू करा’ची सोय चुकून दाबली गेली नाही ना, हेही पाहावं. तळातल्या गळतीचं एक कारण मात्र आपणच ओढवून घेतो : डिशवॉशरची पावडर संपली म्हणून हाताने भांडी घासायचं लिक्विड ओतणं. फेस दाराच्या फटीतून तळाच्या ट्रेमध्ये उतरतो, तिथला थर्मोकोलचा तरंगता तुकडा वर उचलला जातो आणि मशीन स्वतःला रोखून धरतं. अशा वेळी पाणी उपसणारा पंप सतत घुरघुरत राहिला, तर ती या अडथळ्याची ओळख समजावी.

विजेच्या यंत्राशी घरच्या माणसांनी खेळू नये, असा आक्षेप येईल. मीही त्याच मताचा आहे. पण वर सांगितलेल्या कशासाठीही मशीनचा एकही स्क्रू काढावा लागत नाही. फक्त जाळी काढण्याआधी प्लग काढायचा. एवढं करूनही मशीन हललं नाही, तर दोष आतला : दाराचा स्विच, व्हॉल्व्हची कॉइल किंवा बोर्ड. तेव्हा फोनवर ‘सुरू होत नाही’ एवढंच सांगू नये. दाराच्या कडेवरच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, पडद्यावर आलेला कोड, मोजलेलं व्होल्टेज आणि टाकीची उंची सांगावी, म्हणजे मेकॅनिक निघतानाच बरोबर सुटा भाग घेऊन निघेल.