आकड्यांखालचे लोखंड

जुन्या मोटारीच्या इंजिनावर ठोकलेला क्रमांक हा तिचा जन्मदाखला मानला जातो. गाडी आणि इंजिन पहिल्यापासून एकत्र आहेत की नाहीत, हे त्यावरून ठरते आणि किंमतही त्यावरच चढते. साहजिकच तो खोटा ठोकण्याचा मोह होतो.

१९६७ची शेवरोले कॉर्व्हेट घेऊ. तिचे ४२७ घनइंची इंजिन न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा येथे बने, तर गाडी मिसूरीतील सेंट लुईसला जोडली जाई. म्हणून सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकच्या छोट्या सपाट पट्टीवर दोन ठसे असतात. समजा, पहिला ‘टी०४१२जेई’ आहे. टी म्हणजे टोनावांडा, ०४१२ म्हणजे १२ एप्रिल आणि जेई म्हणजे ४३५ अश्वशक्तीचा प्रकार. दुसरा ठसा सेंट लुईसचा : वर्षाचा ७ आणि गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे.

पहिली कसोटी तारखांची. ब्लॉकवर ओतकामाची तारीखही असते. तिथे महिन्यांना ए ते एल ही अक्षरे आहेत. ‘ई ९ ७’, म्हणजे ९ मे १९६७ रोजी ओतलेल्या ब्लॉकचे इंजिन १२ एप्रिललाच जोडले जाणे अशक्य.

दुसरी कसोटी पृष्ठभागाची. ही पट्टी आणि ब्लॉकचा माथा एकाच पातळीत असतात. कारखान्यात ब्रोचिंग यंत्राने तो तासताना बारीक, समांतर रेघा उमटत. आकडे नंतर ठोकले जात. जुना क्रमांक घासून काढला की रेघाही जातात. कोणी त्या पुन्हा ओढल्याच, तर भिंग लावावे. ठोकताना आकड्याच्या कडेला लोखंड किंचित वर येते. त्या उंचवट्यावरून नवी रेघ गेलेली दिसली, तर ती आकड्यानंतरची.

मात्र एक धोका आहे. इंजिन उघडल्यावर ब्लॉकच्या माथ्याचे फेसिंग केले जाते. त्यात पट्टीही तासली गेली, तर प्रामाणिक मालकाच्या गाडीवरूनही अस्सल ठसा नाहीसा होतो. त्या जागी त्याने तोच क्रमांक पुन्हा ठोकला, तर इंजिन मूळचे आणि ठसा नवा, असा पेच उभा राहतो.

जुनी सनद तपासणारा मजकुराइतकाच कागद आणि शाई पाहतो. इथेही तेच करावे. आणि ‘अस्सल ठरत नाही’ म्हणजे ‘बनावट आहे’ असे लिहून मोकळे होऊ नये. पहिले वाक्य पुराव्याविषयी आहे. दुसरे माणसावर आरोप करते.